सेहतगाहच्या छताखाली

"इमारत उघडल्यापासून आजतागायत या छताखाली एकही मृत्यू घडलेला नाही, बालाघाटाच्या निर्मळ हवेचा हा प्रत्यक्ष पुरावा होय."

सेहतगाह या आरोग्यधामाच्या सालिना अहवालातले हे वाक्य व्यवस्थापक सुंदरराव व्हरांड्यात उभे राहून हैदराबादेहून आलेल्या नव्या पाहुण्यांना वाचून दाखवत होते. खाली पायऱ्यांपाशी चतुराबाई धनगरीण शेळीच्या सडांना पाणी लावत बसली होती. वाक्य ऐकून तिचा हात क्षणभर थांबला. मग भांड्यात धार वाजू लागली.

वाक्य खोटे नव्हते, हे आधी मान्य केले पाहिजे. खोटे बोलणाऱ्याला इतकी काळजी घ्यावी लागत नाही. 'एकही' हा शब्द खरा होता, हवा खरोखर निर्मळ होती, आणि पुरावा म्हणाल तर तो प्रत्यक्ष होता, कारण व्हरांड्यातून खाली पाहिले की दिसत होता. वाक्याचा सगळा भार 'या छताखाली' या दोन शब्दांनी तोलून धरला होता. छत संपले की अंगण, अंगण संपले की उतार, आणि उतारावर धनगरांची पाचसहा घरांची वाडी. दोन भोई डोली घेऊन तिथवर पोचेपर्यंत सेहतगाहची जबाबदारी संपत असे.

धारूरच्या घाटमाथ्यावरची ही इमारत एका जहागीरदाराने आपल्या आजारी बेगमेसाठी बांधायला काढली होती. जोते पुरे होण्याआधीच बेगम हैदराबादेत वारली. म्हणजे इथे कुणी न मरण्याची परंपरा पायापासूनच शाबूत राहिली. मग हैदराबादच्या काही धनिकांच्या मंडळीने ते अर्धवट काम पट्ट्याने घेतले आणि त्यावर हवापालटाचे हॉटेल उभे केले. काळ्या दगडाच्या भिंती, ओळीने खोल्या, पश्चिमेला लांबलचक व्हरांडा, त्यात लांब हातांच्या वेताच्या खुर्च्या. हिंदूंना वेगळा मुदपाकखाना, मुसलमानांना वेगळा. छातीच्या रोग्यांना शहरातले हकीम आणि डॉक्टर एका गोष्टीवर एकमत होऊन सांगत: उंचावरची कोरडी हवा घ्या आणि शेळीचे धारोष्ण दूध प्या. हवा देवाची होती. दूध चतुराबाईचे होते.

रोज सकाळी ती शेळ्या थेट पायऱ्यांपाशी आणी आणि रोग्यांच्या डोळ्यांदेखत धार काढी. पायरी चढायची तिला मुभा नव्हती, आणि तिलाही ते जमले नसते. आसपासचे लोक त्या इमारतीला खोकल्याचा बंगला म्हणत.

खोलीत रोगी दगावला की शेजारच्या खोल्या रिकाम्या होतात, हे सुंदररावांना पहिल्याच हंगामात उमगले असावे. ते क्रूर नव्हते. डोलीत ठेवलेल्या माणसाच्या अंगावरची शाल ते स्वतः सारखी करत, उशाला त्याची चीजवस्त आठवणीने ठेववत आणि मग दप्तरात 'स्वखुशीने रुखसत' असे लिहीत.

पहिला माणूस आला तो भर दुपारी. चतुराबाई तेव्हा वाडीत नवी सून होती. नवरा धुळाजी मेंढरे घेऊन गेवराईकडे गोदाकाठी गेलेला. दीर बंकट सेहतगाहच्या डोलीवर भोई होता. त्याने आणि त्याच्या जोडीदाराने डोली घरापुढच्या मांडवात आणून टेकवली.

"जरा सावलीला ठिवतो, वैनी. धारूरला पोचवायचा हुकूम हाय."

सासू दगडाबाई वाकून डोलीत पाहून आली. "धारूरला का देवाघरी, रे? घाट उतरूस्तोर ऱ्हातंय का ह्ये मानूस?"

"मला काय इचारतीस, माय? राव म्हन्ले, रुखसत झाली, उचला."

"मंग बंगल्यातच कावून न्हाई ठिवलं?"

"तितं मरायची परवानगी न्हाई," बंकट म्हणाला आणि स्वतःच हसला.

सेहतगाहविषयी सरकारदरबारी जितके कागद लिहिले गेले, त्यांत इतके नेमके वाक्य दुसरे नाही.

डोलीतला माणूस कुठल्याशा कचेरीतला वृद्ध कारकून होता. अंगावर जानवे होते. त्याने पाणी मागितले. चतुराबाईने तांब्या पुढे केला, तेव्हा त्याने आधी तिच्या हाताकडे पाहिले.

"कोण तुम्ही?"

"धनगर, बाबा."

त्याने डोळे मिटून घेतले. जन्मभर जपलेले सोवळे एका बाजूला आणि घसा दुसऱ्या बाजूला. थोड्या वेळाने त्याने तोंड उघडले. दोन घोट गेले, तिसरा ओठांवरून ओघळला.

दगडाबाईने त्याचे डोळे झाकले. "आपल्या डेऱ्यातलं शेवटचं पानी पेला. आता त्यो आपला झाला. चतुरे, आंघुळीला पानी ठिव. सुतक धरायचं."

"कोन कुठला त्यो, आत्याबाई?"

"आला तवा कोन कुठला व्हता. आता न्हाई."

ती वाडीची जुनी रीत होती. रानात हिंडणाऱ्या माणसांनी स्वतःसाठीच केलेली. उद्या आपला माणूसही कुणाच्या तरी दारात, परक्या मुलखात पडेल; त्याला शेवटचे पाणी देणाऱ्याने त्याला आपले म्हणावे, एवढीच त्यामागची अपेक्षा. शास्त्रीपंडितांना ही रीत दाखवली असती तर त्यांनी तिच्यात दोष काढले असते. वाडीत शास्त्री नव्हता, म्हणून रीत टिकली.

देह मग धारूरला जात. ज्याचे त्याचे लोक त्याची माती करत किंवा दहन करत. नातलगांना कळवले जाई की आपले माणूस सेहतगाहमधून सुखरूप निघाले होते, वाटेत काळाने गाठले. या पत्रांत काळाला फार दोष दिलेला असे.

देह खाली जाई. खोकला मात्र वाडीतच राही.

पहिल्यांदा ते मेंढरांनी ओळखले. दुपारी वारा पडला की सावलीत बसलेली सगळी मेंढरे एकदम उठून उभी राहत आणि बंगल्याच्या पाऊलवाटेकडे तोंडे करून स्तब्ध होत. कुत्रे भुंकत नसे. ओळखीचे माणूस आल्यासारखे शेपूट हलवी. मग मांडवातून खोकला येई. कारकुनाचा तुटक, कोरडा, जणू साहेबापुढे उभा राहून दाबलेला. एका मास्तराचा लांब, शेवटी शीळ वाजणारा. आदिलाबादेकडच्या दोघी बहिणी एकाच हंगामात आल्या होत्या; त्यांतली एक खोकली की दुसरीही खोके. चतुराबाईला पहिली काही वर्षे भीती वाटली. नंतर ती मांडवात पाण्याची घागर भरून ठेवू लागली, आणि भीती गेली.

तिला भीती वाटायची ती बंगल्याची. काल ज्या खुर्चीत माणूस श्वासासाठी झगडत बसलेले पाहिले, तीच खुर्ची आज धुऊन उन्हात ठेवलेली असे. चादर नवी, पाहुणा नवा. गेलेल्याचा तिथे मागमूस नसे. आवाज नाही, सावली नाही. इतकी माणसे गिळून एवढी स्वच्छ राहिलेली जागा तिने दुसरी पाहिली नव्हती.

चौथ्या खोलीत विमलबाई आल्या, तेव्हा चतुराबाईच्या कपाळावर पहिली पांढरी बट आली होती. विमलबाई हैदराबादेतल्या एका वकिलाची बायको. वय विशीचे. धार काढताना त्या कठड्याशी येऊन बसत आणि बोलत राहत. खोकून थकल्या की नुसत्या शेळीकडे पाहत.

"हिचं नाव काय गं?"

"शेळीचं कसलं नाव, बाई."

"मग मी ठेवू?"

"ठिवा की. पन हाक मारली अन् न्हाई आली तर मला बोल लावू नका."

विमलबाईंनी नाव ठेवले ते त्यांच्या नणंदेचे. आणि शेळी खरोखरच हाकेला येईना. तेव्हा त्या म्हणाल्या, "नणंदच आहे ही." दोघी हसल्या. त्या हसण्याने विमलबाईंना ढास लागली आणि ती थांबेपर्यंत चतुराबाई पायरीखाली भांडे हातात घेऊन उभी राहिली.

एका सकाळी विमलबाईंनी विचारले, "ते पाच नंबरचे गृहस्थ दिसत नाहीत. कुठे गेले?"

"गेले त्ये."

"घरी?"

चतुराबाईने शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. "हा. घरी."

"बरं झालं. सुटले बिचारे."

पावसाळा सरता सरता बंकट आणि त्याच्या जोडीदाराने डोली आणून मांडवात टेकवली. बंकट वहिनीकडे न पाहता बाजूला जाऊन बसला. चतुराबाईने पडदा सारला. विमलबाईंचे डोळे उघडे होते. त्यांनी मांडव पाहिला, घागर पाहिली, कुडाच्या भिंती पाहिल्या, आणि मग तिच्याकडे पाहिले.

"हेच का ते घर?"

चतुराबाईने त्यांचे डोके मांडीवर घेतले. पाणी पाजले. दुपार कलेपर्यंत ती तशीच बसून होती. बंकटने दोनदा हाक मारली, "वैनी, मांडी अवघडंल," आणि तिने ती ऐकली नाही.

पुढे मानमोडीच्या तापाची साथ आली. तिने मुलूख झोडपला, पण उंचावरच्या वाडीतून तिने एकट्या धुळाजीला नेले. म्हातारी दगडाबाई त्याआधीच वयाने गेली होती. साथ ओसरल्यावर सरकारला मेलेल्यांची मोजदाद हवी झाली. जिवंतपणी ज्यांची कधी विचारपूस केली नाही, त्यांची मेल्यावर चौकशी करण्यात प्रत्येक राज्यकर्त्याला एक उमदेपणा वाटत आला आहे. धारूरहून महसुलाचा गिरदावर घोड्यावर बसून वाडीत आला आणि न उतरताच त्याने विचारले:

"तुझ्या घरात कोण कोण मेलं, बाई?"

त्याला साथीतले मृत्यू हवे होते. पण तसे तो म्हणाला नाही. चतुराबाईने प्रश्न ऐकला तसा घेतला आणि प्रामाणिकपणे सांगायला लागली. "म्हातारी मेली. महा नवरा, धुळाजी, मेला. डोलीतला कारकून बाबा. मास्तर. दोघी बहिनी. लाल टोपीवाले मौलवीसाहेब. विमलबाई..."

गिरदावर रेघा ओढत गेला. मध्येच थांबून त्याने विचारले, "एवढी माणसं राहतात तरी कुठं तुझ्या घरात?"

"राहत न्हाईत. दुपारचं येतेत."

ती वेडी आहे असे ठरवून त्याने उरलेल्या रेघा ओढल्या. वेड्या बाईचे विधान त्याने टाकून दिले नाही. आकडा मिळाला होता, आणि आकड्याला कुणी वेडा म्हणत नाही.

काही महिन्यांनी हुकूम आला. अख्ख्या तालुक्यात धनगरांची ती वाडी सर्वांत जीवघेणी ठरली होती. तिच्या दूषित वाऱ्यापासून सेहतगाहच्या पाहुण्यांना धोका पोचतो, सबब वाडी उठवून घाटाखालच्या माळावर न्यावी. त्या माळावर पाणी नव्हते. शिवाय इतक्या मयतांची पाटलाकडे वर्दी न दिल्याबद्दल चतुराबाईवर इल्जाम, आणि चौकशीसाठी खुद्द तहसीलदार येणार.

तहसीलदार यायच्या आदल्या दिवशी दुपारी सुंदरराव वाडीत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते आपल्या पायांनी तो उतार उतरले होते. एरवी ते तिला "ए धनगरीण" म्हणत. त्या दिवशी म्हणाले, "चतुराबाई, बसू का?"

बंकटने घोंगडी अंथरली.

"हे बघा," सुंदरराव म्हणाले, "साधी गोष्ट आहे. साहेब विचारतील तेव्हा सांगायचं, सासू आणि नवरा, एवढेच मेले. बाकीचं चुकून सांगितलं गेलं. बाईमाणूस, अडाणी, मोजता येत नाही, म्हणायचं. हुकूम रद्द करवून आणणं माझ्याकडे. वाडी जागच्या जागी राहील. इल्जामही मिटेल."

"मोजता येत न्हाई म्हनू?" रोज संध्याकाळी मेंढरे मोजून वाघुरीच्या जाळीत घेणारी चतुराबाई म्हणाली.

"वैनी, म्हना की," बंकट म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. डोल्या कुणी आणल्या हे निघाले तर पहिली बेडी त्याला पडणार होती. "दोन म्हना. आपलेच दोन. बाकीचे कोन व्हते आपले?"

"तुमीच आनून ठिवले की, भावजी."

"पोटासाठी ठिवले. भाकरीला जात नसती, तशी कामाला बी नसती."

ती सुंदररावांकडे वळली. "मंग त्ये समदे मेले कुठं, राव?"

"वाटेत."

"वाटंत कुनी न्हाई. म्या रोज जाते त्या वाटंनं. तुमच्या बंगल्यात बी न्हाई कुनी, म्या तितं बी रोज येते. अन् आता मह्या घरी बी मेले न्हाईत म्हनू? मंग त्येंनी जायाचं कुठं?"

सुंदररावांनी तोंड उघडले. वारा पडला होता. सावलीतली मेंढरे एकदम उठली आणि पाऊलवाटेकडे तोंडे करून उभी राहिली. कुत्र्याने शेपूट हलवले. मांडवाच्या आत कुणीतरी खोकले. हलके, हसताहसता लागलेल्या ढाशीसारखे.

"कोण आहे आत?" सुंदररावांनी विचारले.

"तुमी वळखता की," चतुराबाई म्हणाली. "शाल तुमीच पांघरली व्हती."

सुंदरराव उठले. उपरण्याने त्यांनी कपाळ पुसले आणि आत न पाहता उताराला लागले. जाताना ते पाऊलवाट सोडून काट्याकुट्यांतून गेले, हे बंकटने पाहिले.

चौकशी सेहतगाहच्या व्हरांड्यात झाली. तहसीलदार वेताच्या खुर्चीत बसले होते. सभ्य गृहस्थ, त्यांना प्रकरण लवकर आणि कुणाला फारसे न दुखवता संपवायचे होते. मुन्शी कलम सरसावून बसला होता. बंकट खांबाआड उभा. चतुराबाई नेहमीच्या जागी, पायरीखाली.

"ऊपर आओ, बाई," तहसीलदार म्हणाले.

ती पायरी चढली. पायाखालच्या थंड फरशीने ती जराशी दचकली.

"डरो मत. सच बोलो. ये इतने लोग तुम्हारे घर में मरे, के गिनने में गलती हुई?"

सवाल असा विचारला होता की उत्तर त्यातच ठेवलेले होते. हात पुढे करून ते फक्त उचलायचे होते. सुंदररावांनी तिच्याकडे पाहून मान हलवली. खांबाआड बंकटने डोळे मिटून घेतले. चतुराबाईने उतारावर पाहिले. तिथून वाडी पुरती दिसत होती: पाचसहा घरे, मांडव, वाघूर. दोनच मृत्यू कबूल केले तर ती तशीच राहणार होती. उरलेल्यांच्या वाट्याला मात्र मरायलाही जागा उरणार नव्हती.

पुढचे थोडक्यात सांगता येते. वाडी उठली. माळावर पाणी लागले नाही. धनगर पांगले, काही पाटोद्याकडे गेले, काही नुसतेच गेले. बंकटचे नाव कुठेही निघाले नाही. त्याने डोलीचे काम सोडले, का ते कुणाला सांगितले नाही. पुढच्या हंगामात मरणाऱ्यांना टेकवायला सावली उरली नव्हती, म्हणून डोल्या सरळ घाट उतरू लागल्या. मग पाहुण्यांच्या तक्रारी सुरू झाल्या: दुपारी रिकाम्या उतारावरून खोकला ऐकू येतो, जवळ जवळ येतो आणि व्हरांड्याच्या पायऱ्यांपाशी थांबतो. सुंदररावांनी दुपारी पडदे सोडायची व्यवस्था केली. पडद्यांनी काही भागले नाही. खोल्या एकेक करून ओस पडल्या. सेहतगाह बंद झाली तेव्हा तिथे अखेरचे कुलूप लावायला ते स्वतः मागे राहिले होते, आणि म्हणतात की ते भर दुपारी हातात कंदील पेटवून बाहेर आले. पुढे इमारतीत जकातीचे गोदाम झाले, गोदामही हलले, छपराचे पत्रे कुणी कुणी नेले.

मुन्शीने चतुराबाईची जबानी उर्दूत उतरवताना ती पुष्कळ अदबशीर केली. ती बोलली ते खांबाआडच्या बंकटने मरेपर्यंत जसेच्या तसे सांगितले. ते शब्दशः असे:

"व्हय, सरकार. समदे मह्याच घरी मेले. कुनी आनले त्ये इचारू नका. दारात आलं त्ये आलं. मोजन्यात म्या चुकले न्हाई. धुळाजीला मोजलं तसंच एकेकाला मोजलं. अन् वर्दी दिली न्हाई, ह्यो गुन्हा बी मला कबूल हाय. परक्याचं मानूस मेलं तर त्याची वर्दी देतेत, सरकार. घरचं मेलं की मानूस रडत बसतं."